प्रोसेसरचं मॅन्युअल नेमकं कुठलं उघडायचं?

गेल्या जानेवारीत मी ठरवलं की एकदा तरी कुठल्याही तयार लायब्ररीचा आधार न घेता, थेट रजिस्टरमध्ये (चिपमधल्या छोट्या साठवणजागांत) आकडे लिहून प्रोसेसर चालवून बघायचा. माझं रोजचं काम वरच्या थरातले प्रोग्राम लिहिण्याचं. खाली काय चालतं ते कंपायलर बघून घेतो, म्हणून आजवर तिकडे फिरकले नव्हते. हाताशी ब्लू पिल नावाचा छोटा बोर्ड होता, त्यावर एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची एसटीएम३२एफ१०३ ही चिप. आणि डोक्यात एक साधा प्रश्न होता. या बोर्डावरचा एलईडी पिनवर ० लिहिलं की पेटतो आणि १ लिहिलं की विझतो. असं उलटं का? उदाहरणांच्या कोडमध्ये सगळीकडे ‘हा अ‍ॅक्टिव्ह लो आहे’ एवढंच लिहिलेलं. तो तसा का जोडला, हे कुणीच सांगत नव्हतं.

उत्तर मिळेपर्यंत मार्च उजाडला. ते फुकट मिळणाऱ्या एका पीडीएफमध्ये, एका तक्त्याखालच्या बारीक अक्षरांतल्या टिपेत होतं. वाचायला अर्धं मिनिटही लागलं नाही. इतके आठवडे गेले ते नेमका कुठला कागद उघडायचा हे कळण्यात. नंतर इंटेल, आर्म, रिस्क-फाइव्ह अशा वेगवेगळ्या प्रोसेसरांची मॅन्युअलं वाचत वर्ष सरलं. या वाटेला नव्याने येणाऱ्यांचे ते पहिले आठवडे वाचावेत म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

खर्चाचं आधी सांगून टाकते. खाली ज्या दस्तऐवजांची नावं येतील ते सगळे बनवणाऱ्यांच्या किंवा त्या त्या संस्थांच्या साइटवर फुकट आहेत. मात्र फुकट म्हणजे हक्क सोडलेले नव्हेत. बहुतेकांवर कॉपीराइट आहे. उतरवून वाचा, पण आपल्या साइटवर परत चढवू नका.

पहिली पायरी शोधायची. चिपचं नाव आणि पुढे ‘मॅन्युअल’ टाकून शोधलं की वरचे निकाल बहुधा डेटाशीट गोळा करणाऱ्या तिऱ्हाईत साइटचे येतात. जाहिरातींच्या गर्दीत डाउनलोडची तीन बटणं, त्यातली दोन भलतीकडे नेणारी, आणि हाती लागते ती काही वर्षांपूर्वीची आवृत्ती. तिकडे जाऊच नये. बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर चिपचं पान काढायचं आणि तिथला कागदपत्रांचा विभाग उघडायचा. तिथे पोचल्यावर मात्र मला खरा घाम फुटला, कारण तिथे ‘मॅन्युअल’ असं एक काही नव्हतंच. डेटाशीट, रेफरन्स मॅन्युअल, प्रोग्रॅमिंग मॅन्युअल, इराटा शीट आणि अ‍ॅप्लिकेशन नोट्सची लांबलचक यादी होती.

ही विभागणी का, ते कळलं आणि निम्मा गोंधळ मिटला. एसटीएम३२एफ१०३ ही चिप एसटीची, पण तिच्यातला प्रोसेसर, म्हणजे कोअर, आर्मचा कॉर्टेक्स-एम३. एसटीने त्याचा परवाना घेतला आणि त्याभोवती टायमर, सीरियल पोर्ट, पिना असं स्वतःचं सगळं जोडलं. त्यामुळे माहितीही दोन कंपन्यांत वाटली गेली आहे. निर्देश (इन्स्ट्रक्शन) कसे चालतात, इंटरप्ट (हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा) आला की कोअर काय करतो, हे आर्मच्या आर्मव्ही७-एम आर्किटेक्चर रेफरन्स मॅन्युअलमध्ये. त्याचा क्रमांक डीडीआय ०४०३. एसटीने भोवती जोडलेल्या गोष्टी आरएम०००८ या रेफरन्स मॅन्युअलमध्ये. हे अकराशेहून जास्त पानांचं धूड आहे. कोअरची एसटीने सांगितलेली आटोपशीर ओळख पीएम००५६ या प्रोग्रॅमिंग मॅन्युअलमध्ये, दीडशेच्या आसपास पानांत. आणि हातातल्या नेमक्या चिपच्या पिना, व्होल्टेज, किती करंट सोसतो, हे डेटाशीटमध्ये.

हे क्रमांक वहीत टिपून ठेवा. दस्तऐवजांची नावं लांब आणि एकसारखी असतात, साइटची रचना बदलली की लिंक मरतात, पण क्रमांक सहसा तोच राहतो. शोधपेटीत नावाऐवजी क्रमांक टाकला की पहिल्या फटक्यात योग्य पान येतं. उतरवलेल्या फाइलच्या नावात आवृत्तीही लिहावी. मी ते पहिल्या दिवसापासून केलं आणि पुढे त्याचा फार उपयोग झाला.

फेब्रुवारीत आरएम०००८ उघडलं. हे एकच पुस्तक एसटीएम३२एफ१०१, १०२, १०३, १०५ आणि १०७ अशा सगळ्या भावंडांसाठी आहे. त्यामुळे आपली चिप कुठल्या गटातली हे वाचायला बसण्याआधीच ठरवावं लागतं. माझी ६४ केबी फ्लॅशची, म्हणजे त्यांच्या भाषेत मीडियम डेन्सिटी. क्लॉकच्या, म्हणजे चिपच्या भागांना ताल देणाऱ्या ठोक्यांच्या, विषयावर या पुस्तकात एकापाठोपाठ एक दोन प्रकरणं आहेत, दिसायला जुळी. त्यातलं दुसरं फक्त कनेक्टिव्हिटी लाइन नावाच्या गटासाठी. शोध घेत थेट मधल्या पानावर उडी मारणारा माणूस चुकीच्या प्रकरणात सहज उतरतो. म्हणून शोधातून कुठल्याही पानावर पोचलात की आधी त्या प्रकरणाचं शीर्षक बघा.

शोधण्याचीही एक खोच आहे. मला पोर्ट सीचं (पोर्ट म्हणजे पिनांचा गट) एक रजिस्टर हवं होतं, कोडमध्ये त्याचं नाव जीपीआयओसी_सीआरएच. ते नाव जसंच्या तसं टाकलं की रजिस्टरचं वर्णन काही सापडत नाही. कारण ते सगळ्या पोर्टांसाठी एकदाच लिहिलेलं आहे आणि पोर्टच्या अक्षराच्या जागी एक्स ठेवलेला आहे: जीपीआयओएक्स_सीआरएच. टायमरांचंही तेच. पत्तासुद्धा असाच दोन ठिकाणी विभागलेला. रजिस्टरच्या वर्णनापाशी फक्त अंतर दिलेलं असतं, आणि ते अंतर ज्यात मिळवायचं तो मूळ पत्ता सुरुवातीच्या मेमरी मॅपच्या तक्त्यात.

हे एकदा हाताने करून बघितलं की पुढची हजार पानं ओळखीची वाटू लागतात, म्हणून सविस्तर सांगते. एलईडी पोर्ट सीच्या १३ क्रमांकाच्या पिनवर आहे. रीसेटनंतर या चिपवर पोर्टांचं क्लॉक बंद असतं. ते चालू केल्याशिवाय पोर्टच्या रजिस्टरमध्ये काहीही लिहा, ढिम्म फरक पडत नाही. क्लॉक विभागाचा मूळ पत्ता हेक्समध्ये (सोळावर आधारलेल्या अंकपद्धतीत) ४००२१०००, हव्या त्या रजिस्टरचं अंतर १८, म्हणून पत्ता ४००२१०१८. त्यातला ४ क्रमांकाचा बिट पोर्ट सीचा. मग पोर्ट सी: मूळ पत्ता ४००११०००, अंतर ४, पत्ता ४००११००४. या रजिस्टरचं रीसेटनंतरचं मूल्य हेक्समध्ये ४४४४४४४४ असं दिलं आहे. आठ पिना, प्रत्येकीला चार बिट, आणि ४ म्हणजे ‘इनपुट, कुठेही न बांधलेला’. १३ क्रमांकाच्या पिनचा आकडा उजवीकडून सहावा. तो आउटपुट करायचा तर ४ च्या जागी १, २ किंवा ३ लिहायचा. १ म्हणजे १० मेगाहर्ट्‌झपर्यंत, २ म्हणजे २ मेगाहर्ट्‌झपर्यंत, ३ म्हणजे ५० मेगाहर्ट्‌झपर्यंत. मी २ निवडला, रजिस्टरमध्ये ४४२४४४४४ गेला आणि एलईडी पेटला. आउटपुटचं मूल्य रीसेटनंतर ० असतं, त्यामुळे पेटवायला वेगळं काही लिहावंही लागलं नाही.

इतकं झालं तरी माझा मूळ प्रश्न शिल्लकच होता, कारण आरएम०००८ त्यावर गप्प आहे. उत्तर डेटाशीटमध्ये सापडलं. तिथे पिनांचा मोठा तक्ता आहे आणि पीसी१३, पीसी१४, पीसी१५ या तीन नावांपुढे टिपेचा बारीक आकडा. खाली टीप अशी: या तीन पिनांना वीज एका पॉवर स्विचमधून मिळते, तो फक्त ३ मिलिअँपिअरपर्यंत करंट ओढून घेऊ शकतो, वेग २ मेगाहर्ट्‌झच्या वर नेऊ नये, आणि या पिनांनी करंट पुरवण्याचं काम करू नये. उदाहरण म्हणून चक्क एलईडी चालवण्याचंच दिलं आहे. म्हणजे पिनने करंट पुरवून एलईडी पेटवता येत नाही, ओढून मात्र पेटवता येतो. बोर्डावर एलईडीची दुसरी बाजू म्हणूनच धन पुरवठ्याला जोडलेली. पिन ० झाली की करंट तिच्यात वाहतो आणि दिवा लागतो.

तेव्हापासून तक्त्याखालच्या टिपा मी तक्त्याच्या आधी वाचते.

एप्रिलमध्ये दर सेकंदाला एलईडी उघडझाप करायला घेतला. त्यासाठी सिसटिक नावाचा टायमर वापरतात. आरएम०००८ मध्ये तो शोधला तर त्याच्या कॅलिब्रेशनबद्दलच्या दोन ओळी, बस. रजिस्टरं नाहीतच. आता कारण ठाऊक होतं: सिसटिक कोअरचा भाग, म्हणजे आर्मचा. पीएम००५६ उघडलं, तिथे सगळं व्यवस्थित होतं. मोजणी २४ बिटांची. ७२ मेगाहर्ट्‌झवर २४ बिट जेमतेम ०.२३ सेकंदात संपतात, म्हणजे एका फेरीत एक सेकंद बसणारच नाही. बहुतेक लोक दर मिलिसेकंदाला टिक घेऊन हजार मोजत का बसतात, तेही या एका आकड्यावरून उलगडलं.

मॅन्युअलच्या सुरुवातीला संक्षेपांचं एक कंटाळवाणं पान असतं, ते ओलांडू नका. माझ्या मते सबंध पुस्तकातलं सगळ्यात मोलाचं पान ते. प्रत्येक बिटाखाली लहान अक्षरांत लिहिलेलं असतं की तो वाचता येतो, लिहिता येतो, की भलतंच काही. या चिपमध्ये टायमरचा इंटरप्ट झेंडा (इंटरप्ट आल्याची खूण करणारा बिट) उतरवायचा तर त्या बिटात ० लिहायचा. बाहेरून येणाऱ्या इंटरप्टचा झेंडा उतरवायचा तर १ लिहायचा. एकाच चिपमध्ये, एकाच पुस्तकात, दोन उलट रीती! दुसऱ्या प्रकारच्या रजिस्टरवर सवयीने ‘आधी वाचा, आपला बिट मिळवा, परत लिहा’ केलं, तर वाचताना जे जे झेंडे वर होते ते सगळेच उतरतात आणि इंटरप्ट गायब होतात. असं बिंग कोडमध्ये डोळ्यांना दिसत नाही; बिटाखालच्या त्या चार अक्षरांतच दिसतं. तसंच ‘रिझर्व्हड’ लिहिलेल्या बिटांना हात लावायचा नाही, रीसेटचं मूल्य तसंच ठेवायचं.

मग इराटा. छापून झाल्यावर चिपमध्येच सापडलेले दोष आणि त्यांवरचे उपाय यांची ही यादी. कंपनी स्वतःच ती प्रसिद्ध करते, याचं मला कौतुक वाटलं. या चिपच्या यादीत आय-टू-सी बसवर (चिपांना आपसात जोडणाऱ्या तारांवर) खास भाग आहे. ज्या भागावर काम करायचं त्याच्यापुरती इराटा आधी चाळावी. पंधरा मिनिटांचं काम असतं आणि आपल्या कोडमधला म्हणून शोधत बसलेला दोष कधीकधी सिलिकॉनमध्येच निघतो.

मेमध्ये वेगळा अनुभव आला. दुसऱ्या एका कंपनीची चिप आवडली होती. तिचं डेटाशीट म्हणून दोन पानांचं जाहिरातपत्रक मिळालं; पूर्ण मॅन्युअलसाठी नोंदणी. फॉर्ममध्ये कंपनीचं नाव, हुद्दा, वर्षाला किती चिप घेणार, असे रकाने. वैयक्तिक ईमेल पत्ता चालत नव्हता. विनंती पाठवली, ‘विचाराधीन आहे’ असं उत्तर आलं आणि आठवडे उलटले. शेवटी गोपनीयता कराराचा मसुदा आला. छंद म्हणून शिकणाऱ्या माणसाने असल्या करारावर सही करायचं काही कारण नाही. मी तिथेच थांबले. तेव्हापासून क्रम बदलला: आधी मॅन्युअल नोंदणीशिवाय उतरतं का ते बघायचं, मग चिपचा विचार. या कसोटीवर रास्पबेरी पायची आरपी२०४० फार वर जाते. तिचं सहाशेहून जास्त पानांचं एकच डेटाशीट आहे, त्यात रजिस्टरं, विजेचे आकडे आणि इराटा सगळं एकत्र, आणि मधूनमधून चालणाऱ्या कोडचे तुकडे. सुरुवात करणाऱ्याला मी तेच सुचवीन.

जुलैत कामावरच इंटेलच्या मॅन्युअलची गरज पडली. एक प्रोग्राम कोसळत होता आणि हातात होते ते नुसते बाइट. इंटेलचं सॉफ्टवेअर डेव्हलपर्स मॅन्युअल एकत्रित घेतलं तर पाच हजारांहून जास्त पानांचं, क्रमांक ३२५४६२. ते एकत्रित उतरवू नका. जुन्या मशिनवर शोधसुद्धा रखडतो. तेच चार खंडांत किंवा दहा खंडांत वेगळं मिळतं. पहिला खंड मूलभूत रचनेचा, दुसरा निर्देशांचा, तिसरा ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्यांसाठी, चौथा ठरावीक मॉडेलांच्या रजिस्टरांचा. मला दुसरा हवा होता.

त्यातही थेट निर्देशाच्या पानावर गेलं तर काही कळत नाही. दुसऱ्या प्रकरणात निर्देशाचे बाइट कसे रचलेले असतात ते आहे, आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला पुढची पानं कशी वाचायची ते. एवढं वाचून मी माझ्या बाइटांकडे वळले: ८३ ईबी ०१. गंमत अशी की नुसत्या ८३ वरून कुठली क्रिया ते ठरतच नाही. बेरीज, वजाबाकी, तुलना अशा आठ क्रिया त्या एका बाइटमागे आहेत. वजाबाकीच्या पानावर ‘८३ /५’ असं लिहिलेलं दिसतं. त्या तिरक्या रेघेपुढचा ५ पुढच्या बाइटमध्ये दडलेला असतो. ईबी म्हणजे बिटांत ११ १०१ ०११. पहिले दोन सांगतात की मामला रजिस्टरचा आहे, मेमरीचा नाही. मधले तीन म्हणजे ५, म्हणून वजाबाकी. शेवटचे तीन म्हणजे ३, म्हणजे ईबीएक्स हे रजिस्टर. राहिला ०१. ईबीएक्समधून १ वजा. हे काम डिसअसेंब्लर (बाइटांवरून निर्देश ओळखणारा प्रोग्राम) क्षणात करतो, मान्य. पण कुठल्या बाइटपासून वाचायला सुरुवात करायची हे चुकलं की तोही आत्मविश्वासाने भलतंच सांगतो, आणि ते ओळखायला हे हाताने जमावं लागतं.

इंटेलचं वाक्य गुंतागुंतीचं वाटलं तर एएमडीचं आर्किटेक्चर प्रोग्रामर्स मॅन्युअल शेजारी उघडावं. ते पाच खंडांत आहे, क्रमांक २४५९२ पासून सुरू होतात. एक्स८६ ची ६४ बिटी रचना मुळात एएमडीची, २००३ मध्ये ऑप्टेरॉनमधून बाजारात आलेली. ६४ बिटी मोडचं त्यांचं निवेदन मला जास्त सुटसुटीत वाटलं. दोन मॅन्युअलांत फरक दिसला तर तोच भाग पुन्हा वाचायचा.

मध्ये ऑगस्टभर जुन्या प्रोसेसरांचा नाद लागला होता. झायलॉगच्या झेड८० चं यूएम००८० हे मॅन्युअल अजून फुकट मिळतं, आणि बिटसेव्हर्स या संग्रहात सत्तरीच्या दशकातली स्कॅन केलेली मूळ पुस्तकं आहेत. काही फाइलींमधला मजकूर शोधता येत नाही; अनुक्रमणिका बघून पान उलटायचं. आयबीएमच्या वंशातल्या पॉवर प्रोसेसरांची कागदपत्रं चाळणार असाल तर सावध: तिथे बिट ० सगळ्यात डावीकडचा असतो.

सप्टेंबरमध्ये रिस्क-फाइव्हचं मॅन्युअल वाचलं आणि वाटलं, हे सगळ्यात आधी हाती लागायला हवं होतं. २०१० मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हे काम सुरू झालं. आरव्ही३२आय या पायाभूत संचात फक्त ४० निर्देश आहेत. शून्य क्रमांकाचं रजिस्टर कायम ० च वाचलं जातं, त्यात काही लिहिलं तरी वाया. आणि नियमांच्या मधे वेगळ्या मांडणीत टिपा आहेत: हे असं का ठरवलं, दुसरा पर्याय का नाकारला. इतर मॅन्युअलं फक्त काय ते सांगतात. हे भांडणाची बाजूही सांगतं. एखादी कादंबरी वाचावी तसं सलग वाचता येणारं प्रोसेसरचं मॅन्युअल मला हे एकच भेटलं. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा, त्यामुळे श्रेय देऊन पुढे वाटताही येतं.

वर्षअखेरीस नव्या आवृत्त्या येऊ लागल्या. त्या पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या नसतात. एसटीच्या बहुतेक पीडीएफच्या शेवटी बदलांचा इतिहास असतो. इंटेल तर फक्त बदलांचा वेगळा दस्तऐवज काढतं, क्रमांक २५२०४६. फाइलच्या नावात लिहिलेली आवृत्ती इथे कामी येते: आपल्याकडची कुठली ते बघायचं आणि तिच्यानंतरच्याच नोंदी वाचायच्या.

मोबाइल आणि सर्व्हरवरच्या ६४ बिटी आर्मसाठीचं डीडीआय ०४८७ दहा हजार पानांच्याही वर गेलं आहे. मी त्यातली मोजकीच प्रकरणं वाचली आहेत. त्यात ‘अनप्रेडिक्टेबल’, ‘इम्प्लिमेंटेशन डिफाइन्ड’ असे शब्द मोठ्या अक्षरांत येतात. ते नेहमीच्या अर्थाने घ्यायचे नाहीत, त्यांच्या काटेकोर व्याख्या शेवटच्या शब्दसूचीत आहेत. नुसते निर्देश बघायचे असतील तर ही पीडीएफ उतरवूच नका. आर्मच्या साइटवर ए६४ निर्देशसंच ब्राउझरमध्ये उघडतो, एका निर्देशाला एक पान, खाली तो काय करतो ते सांगणारं स्यूडोकोड.